जुन्या गाडीचं कुलूप कुणी लावायचं?

मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका मंडपवाल्या काकांची व्हॅन चोरीला गेली. रात्री घरासमोर लावलेली, पहाटे पाहतात तर जागा रिकामी. गाडी बावीस वर्षांची. पत्रा दोन ठिकाणी गंजलेला, मागचं दार दोरीनं बांधलेलं. पण लग्नसराईत खुर्च्या, पडदे, साउंडचे डबे तिच्यातूनच जायचे. काकांचं पोट त्या गाडीवर होतं.

मी बातमी केली. चार ओळी, आतल्या पानावर. ती गावच्या ग्रुपवर टाकली तर पहिली प्रतिक्रिया आली, "असला खटारा कोण नेणार? काकाच कुठंतरी लावून विसरले असतील." खाली हसण्याच्या इमोज्या. मी काही बोललो नाही. पण संध्याकाळी काकांकडे गेलो तेव्हा ते एक वाक्य बोलले, ते डोक्यातून जाईना. म्हणाले, "अरे, पंधरा दिवसांपूर्वीच रांगेत उभं राहून ती नवी नंबरप्लेट बसवली होती. मला वाटलं, आता गाडीला काळजी नाही."

ग्रुपवरची ती थट्टा आणि काकांचा हा समज, दोन्ही चूक आहेत. का चूक आहेत हे समजून घ्यायला गाडीचोरीचा इतिहास थोडा मागून बघावा लागतो. पोस्ट मोठी झाली आहे. पण ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवातीला गाडीला कुलूप ही कल्पनाच नव्हती. घोडागाडीला कुठं कुलूप असतं? अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि गाडी सामान्य माणसाच्या दारात पोचली. तिला किल्ली होती, पण किल्ल्यांचे नमुने मोजून दोन डझन. गाड्या लाखोंनी, किल्ल्या चोवीस प्रकारच्या! वर किल्लीचा नंबर स्विचवरच छापलेला. म्हणजे चोराला फक्त वाचता यायला हवं.

चोऱ्या इतक्या वाढल्या की १९१९ साली अमेरिकेनं देशपातळीवर कायदा केला. चोरीची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली तर तो केंद्राचा गुन्हा. प्रसिद्ध दरोडेखोर जॉन डिलिंजर १९३४ साली तुरुंगातून पळाला तो शेरीफचीच गाडी घेऊन. राज्याची हद्द ओलांडून तो शिकागोला गेला आणि याच कायद्याखाली केंद्राचे पोलीस त्याच्या मागे लागले. बँका लुटल्या त्यासाठी नाही, गाडी हद्दीपार नेली म्हणून.

पण नीट बघा, हा कायदा चोरी झाल्यावर कामाला येतो. चोरी होऊच नये यासाठी त्यात काही नाही. आपल्याकडे आजही सगळा भर याच बाजूवर आहे. एफआयआर, नाकाबंदी, सीसीटीव्ही, नंबरप्लेट. सगळं गाडी गेल्यानंतरचं.

चोरी आधीच रोखायचा पहिला मोठा प्रयोग पश्चिम जर्मनीनं केला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला. स्टिअरिंग लॉक तेव्हा नवीन होतं. किल्ली काढली की स्टिअरिंग अडकतं, तेच ते, जे आज आपण गृहीत धरतो. जर्मनीनं ते सक्तीचं केलं आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. सक्ती फक्त शोरूममधल्या नव्या गाड्यांना नाही, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांनाही. १९६३ पर्यंत सगळ्यांनी बसवून घ्यायचं. परिणाम असा झाला की चोऱ्या एकदम घटल्या आणि पुढं गाड्यांची संख्या वाढत गेली तरी चोरीचं प्रमाण बरीच वर्षं खालीच राहिलं.

काही वर्षांनी ब्रिटननं तेच केलं, पण अर्धंच केलं. १९७१ पासून स्टिअरिंग लॉक सक्तीचं, पण फक्त नव्या गाड्यांना. जुन्या गाड्या हळूहळू भंगारात जातीलच, मग आपोआप सगळ्यांना लॉक होईल, असा हिशेब. झालं काय? लंडनमध्ये चोरीला गेलेल्या गाड्यांत नव्या गाड्यांचा वाटा १९६९ साली साधारण २१ टक्के होता, तो १९७३ ला ५ टक्क्यांवर आला. वा! पण एकूण चोऱ्या कमी झाल्या का? नाही झाल्या. चोर घरी बसले नाहीत. त्यांनी नवी गाडी सोडली आणि शेजारी उभी असलेली जुनी उचलली.

मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्या गाडीला कुलूप लावलं की चोर जुन्या गाडीकडे वळतो. म्हणजे श्रीमंताच्या दारातला चोर गरिबाच्या दारात येतो. कायदा करणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण अर्धा कायदा केला की होतं तेच.

पुढं नव्वदच्या दशकात इमोबिलायझर आला. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीकशी चिप. किल्ली फिरवली की गाडीचा कॉम्प्युटर चिपला विचारतो, तू माझीच का? उत्तर जुळलं तर इंजिन सुरू, नाहीतर नाही. किल्लीची हुबेहूब नक्कल केली, वायरी जोडल्या, तरी इंजिन ढिम्म. चोराचा वर्षानुवर्षांचा हातखंडा एका फटक्यात बाद.

युरोपीय महासंघानं ऑक्टोबर १९९८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना हा सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियानं २००१ ला, कॅनडानं सप्टेंबर २००७ ला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या चोऱ्यांचा पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. या एका सक्तीमुळे चोऱ्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्या, असं त्यांना आढळलं. चिप नसलेल्या गाड्यांकडे जे चोर वळले, ते धरूनही. म्हणजे तिथंही ओझं जुन्या गाडीवर सरकलंच, फक्त एकूण फायदा त्याहून मोठा होता.

आता प्रश्न असा की जुन्या गाड्यांचं करायचं काय? त्याचं उत्तर कॅनडातल्या विनिपेग शहरानं दिलं. ही गोष्ट आपल्या आमदार-खासदारांनी एकदा तरी वाचावी अशी आहे.

विनिपेग म्हणजे मॅनिटोबा प्रांताची राजधानी, हाडं गोठवणाऱ्या थंडीचं गाव. २००४ च्या सुमाराला हे शहर कॅनडात गाडीचोरीत पहिल्या नंबरवर होतं. चोर कोण? बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची पोरं. गाडी विकायला नाही, मजा म्हणून पळवायची. बेफाम हाणायची, ठोकायची, सोडून द्यायची. त्यात माणसं मेली. आणि गाड्या कुठल्या? इमोबिलायझर यायच्या आधीच्या, जुन्या.

तिथं एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे. वाहनाचा मूळ विमा प्रांताच्या सरकारी विमा कंपनीकडेच असतो. म्हणजे प्रत्येक चोरीचं बिल शेवटी तिच्याच टेबलावर. आधी त्यांनी आपल्यासारखंच केलं. लोकांना आवाहन, थोडी सवलत, बसवून घ्या हो म्हणून विनवणी. लोकांनी बसवलं नाही. जुन्या गाडीवर खर्च कोण करणार! मग कंपनीनं कागद-पेन्सिल घेतली. चोरीच्या भरपाईत जाणारा पैसा आणि इमोबिलायझरचा खर्च समोरासमोर मांडला, तर फुकट वाटणं स्वस्त पडत होतं. तेव्हा सगळ्यात जास्त चोरीला जाणाऱ्या मॉडेलची यादी काढली आणि त्यांना इमोबिलायझर फुकट बसवून द्यायला घेतला. सप्टेंबर २००७ पासून शहरातल्या या यादीतल्या गाड्यांना तो सक्तीचाही केला. बसवला नाही तर नोंदणीचं नूतनीकरण नाही. सोबत पोलिसांनी त्या नेहमीच्या पोरांवर बारीक लक्ष ठेवलं, सुधारणेचं काम करणाऱ्यांनी त्यांच्या घरी जाऊन बोलणं सुरू केलं.

काही वर्षांत विनिपेगमधल्या गाडीचोऱ्या तीन-चतुर्थांशाहून जास्त घटल्या. जुन्या गाड्या भंगारात जायची वाट बघत कुणी बसलं नाही. जिथं भोक होतं तिथंच बूच मारलं.

याच्या उलटं उदाहरण अगदी ताजं आहे. अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती कधी झालीच नाही. तो लावायचा की नाही हे कंपन्यांवर सोडलं. ह्युंदाई आणि किया यांनी तिथं २०११ नंतर जवळजवळ दहा वर्षं किल्लीनं सुरू होणारी बरीच स्वस्त मॉडेलं त्याच्याशिवाय विकली. मिलवॉकी शहरातल्या पोरांना ही गोम कळली, मग व्हिडिओ फिरले, आणि २०२२ पर्यंत देशभर हा खेळ झाला. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की यातून किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदले गेलेत. मग कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर केली आणि पोलीस ठाण्यांतून स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडके फुकट वाटले गेले. ज्यांना आपण रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीच्या दुकानात बघतो, तेच दांडके! आणि सीमेपलीकडे कॅनडात? त्याच कंपन्या, त्याच गाड्या, पण हा गोंधळ नाही. कारण तिथं २००७ चा नियम होता. गाडी तीच, कंपनी तीच, फरक फक्त सरकारच्या एका ओळीचा.

आता आपल्याकडे येऊ.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हातात दिली. तिथून मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली. त्याआधी फियाट नाहीतर ॲम्बेसेडर, आणि तीही डॉक्टर, कारखान्याचे चेअरमन अशांच्या दारात. तेव्हाच्या गाड्यांना साधी पत्र्याची किल्ली. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही, तर चिप विचारणार कुणाला? चिपवाल्या किल्ल्या सर्वसामान्यांच्या गाड्यांत आल्या त्या २००० नंतर, त्याही टप्प्याटप्प्यानं. आज गावोगावी भाजी, दूध, मंडप, शाळेची मुलं वाहणाऱ्या कितीतरी गाड्या त्या आधीच्या आहेत.

सरकारनं काय केलं? नंबरप्लेट. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा नियम आला २००१ साली. मग राज्याराज्यांत निविदांचा घोळ, कोर्टबाजी. सुप्रीम कोर्टानं वारंवार कान उपटले. शेवटी १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट शोरूममधूनच लागून यायला लागली. आणि महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांची पाळी कधी आली? आधी ३१ मार्च २०२५ ची मुदत, मग वाढ, परत वाढ. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. नियम झाल्यापासून चोवीस वर्षांनी, आणि पैसे गाडीमालकाच्या खिशातून. ब्रिटनचा १९७१ चा हिशेब आठवला ना? आधी नवी, जुनी मग बघू.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ही प्लेट काय करते? तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आहे, लेसरनं कोरलेला कायमचा ओळख क्रमांक आहे, एकदा लावली की तोडल्याशिवाय निघत नाही असं लॉक आहे. दुसऱ्या गाडीचा नंबर लावून चोरीची गाडी फिरवणं तिच्यामुळे अवघड होतं. हे चांगलंच आहे, मी प्लेटच्या विरोधात नाही. ज्यांनी बसवली नाही त्यांनी बसवून घ्या. पण ती गाडीचं आधार कार्ड आहे, गाडीचं कुलूप नाही. आधार कार्ड आहे म्हणून कुणी घराचं दार उघडं ठेवतं का? काकांचा समज झाला तो याच ठिकाणी चुकला. आणि त्यात त्यांची चूक नाही. "हाय सिक्युरिटी" हे नावच असं आहे की माणसाला वाटावं, झालं आपलं काम.

आता ग्रुपवरच्या त्या खटारावाल्या थट्टेचं उत्तर. जुनी गाडी कोण नेणार? ज्याला ती चालवायचीच नाही, तो नेणार. उत्तर प्रदेशात मेरठला सोतीगंज नावाचा बाजार होता. चोरीच्या गाड्या तिथं काही तासांत सुट्या व्हायच्या. इंजिन इकडे, गिअरबॉक्स तिकडे, दारं तिसरीकडे. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद केला. पण सुट्या भागांची भूक एका बाजाराबरोबर संपत नाही. कंपनीनं मॉडेल बंद केलं की त्याचे पार्ट मिळेनासे होतात आणि जुन्याच गाडीचे पार्ट महाग होतात. म्हणून गाडी म्हणून जिची किंमत साठ-सत्तर हजार, ती तुकड्यात जास्त भरू शकते. आणि तुकडे झालेल्या गाडीच्या नंबरप्लेटला कोण विचारतो?

तिसरी बाजू विम्याची. मोटार वाहन कायद्यानं सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. आपली गाडी चोरीला गेली तर थर्ड पार्टीत एक रुपया मिळत नाही. गाडी जुनी झाली की आपण हप्ता वाचवायला थर्ड पार्टीवर येतो. काकाही आले होते. चोरीविरोधी यंत्र बसवणाऱ्याला विम्यात सवलत असते, ती किती? २००२ च्या मोटर टॅरिफनं ठरवलेली, यंत्र पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं मान्य केलेलं असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. आणि ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे, त्याला हा हप्ताच नसल्यामुळे सवलत शून्य. म्हणजे ज्याच्या गाडीला कुलपाची सगळ्यात जास्त गरज, त्याला ते लावायला प्रोत्साहन सगळ्यात कमी. विनिपेगच्या बरोबर उलटं.

मग सरकार जागं होईपर्यंत आपण काय करायचं? इतिहासातून एक गोष्ट शिकता येते. चोर अजिंक्य कुलपाला घाबरत नाही, तो वेळेला आणि आवाजाला घाबरतो. आपल्या गाडीला शेजारच्या गाडीपेक्षा पाच मिनिटं जास्त लागली तरी तो पुढं जातो. म्हणून:

गिअर लॉक बसवा. काच फोडून बाहेरून दिसेल असं स्टिअरिंगचं दांडकं लावलं तर आणखी चांगलं, ते दिसणं हेच त्याचं अर्धं काम.

वायरमनकडून चोर स्विच बसवून घ्या. पेट्रोल पंप किंवा इग्निशनची वायर तोडणारा छोटा स्विच, लपवून. कुठं बसवला ते घरच्यांशिवाय कुणाला सांगू नका, गॅरेजमध्ये गाडी सोडतानाही नाही. जुन्या गाडीला हाच गरिबाचा इमोबिलायझर.

सगळ्या काचांवर चेसिस नंबर कोरून घ्या. तुकडे करणाऱ्याला त्या काचा विकणं जड जातं.

आरसीची मूळ प्रत गाडीत ठेवू नका, डिजीलॉकरमधली मोबाइलवर चालते. पर्स, लॅपटॉप, औषधांची पिशवी सीटवर दिसू देऊ नका. काच फोडणारा गाडी बघत नाही, पिशवी बघतो.

कुलूप झिजून किल्ली ढिली झाली असेल तर कुलूपच बदला. झिजलेल्या कुलपात दुसऱ्याची किल्लीही फिरते.

आणि गाडी गेलीच तर लगेच पोलीस ठाणं गाठा, विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, दोन्ही किल्ल्या जपून ठेवा. तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात 'अ' समरी दाखल करतात, विम्याच्या दाव्याला ती लागते. कंपनी "उशिरा कळवलं" म्हणून दावा नाकारत असेल तर एवढं लक्षात ठेवा. चोरीची फिर्याद लगेच दिली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे.

हे झालं आपलं. पण मी हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. साठ वर्षांचा इतिहास सांगतो की चोरी थांबली ती एकेकट्या मालकाच्या सावधगिरीनं नाही. नियम सगळ्यांना लागू झाला, जुन्या गाडीलाही लागू झाला आणि खर्च ज्याला परवडतो त्यानं उचलला, तिथंच ती थांबली. आपल्याकडे जुन्या गाडीला नियम शेवटी लागतो, आणि बिल पहिल्यांदा येतं.

म्हणून दोन साध्या मागण्या. एक, थर्ड पार्टी विमा असलेल्या जुन्या गाडीलाही मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्रावर सवलत मिळावी, ५०० च्या टोप्या न घालता. दोन, नंबरप्लेट बसवायला लाखो जुन्या गाड्या केंद्रांवर येतायत. त्याच ठिकाणी काचांवर नंबर कोरायची आणि माफक दरात लॉक बसवायची सोय करायला काय हरकत आहे? माणूस रांगेत उभाच आहे.

काकांची गाडी अजून सापडलेली नाही. सध्या ते भाड्याच्या टेम्पोत खुर्च्या नेतात आणि प्रत्येक लग्नामागं त्यांची कमाई टेम्पोवाल्याला जाते. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "पुढची गाडी घेईन तेव्हा आधी कुलूप, मग प्लेट." मी म्हटलं, काका, कुलपाचं काम एकट्या तुमचं नाही.

तुमच्या गल्लीत अशी कुणाची जुनी गाडी गेली असेल तर कमेंटमध्ये लिहा. गाडीचा नंबर टाकू नका, फक्त गाव, कोणत्या सालची गाडी आणि विमा होता का एवढंच. यादी मोठी झाली की ती घेऊन आरटीओत जायची माझी तयारी आहे. सोबत येणारे असाल तर तेही सांगा.